टाकीपासून नोझलपर्यंत : करकंब परिसरातील डिझेल-दुरुस्तीच्या व्यवसायाची घडण

सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील करकंब हे पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरील बाजाराचे गाव भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वसलेले आहे. या पट्ट्यातील शेती दीर्घकाळ रब्बी ज्वारी आणि विहीर-बागायत यांच्यावर उभी होती. पुढे कालव्याचे पाणी, ऊस आणि ट्रॅक्टर आले आणि त्यांच्या मागोमाग डिझेल इंजिनाच्या इंधनव्यवस्थेतील दोष शोधून काढणारा कारागीर गावोगावी उभा राहिला. या कारागिराचे काम दोन भागांत विभागलेले आहे. टाकीपासून फ्युएल पंपाच्या तोंडापर्यंतचा भाग गावातील मिस्त्रीच्या हाती राहिला, तर पंपाच्या आतला भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या पंपदुरुस्ती केंद्राकडे गेला. ही विभागणी कोणा संस्थेने ठरवून दिलेली नाही. ती यंत्राच्या रचनेतूनच निपजली, आणि म्हणून या व्यवसायाचा इतिहास समजून घेण्यासाठी इंजिनात इंधन कसे पोहोचते, हे आधी पाहावे लागते.

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे जर्मन पेटंट 1893 मध्ये मिळाले आणि 1897 मध्ये त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. या इंजिनात ठिणगी नसते; हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात सोडलेले तेल आपोआप पेट घेते. मात्र दाबलेल्या हवेत तेल शिरवण्यासाठी त्याहून अधिक दाब लागतो, आणि सुरुवातीला हे काम स्वतंत्र कॉम्प्रेसरच्या हवेने केले जात असल्यामुळे इंजिन अवजड व एका जागी बसवण्याजोगेच राहिले. जर्मनीतील बॉश कंपनीने 1927 मध्ये इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले, तेव्हा प्रत्येक सिलिंडरला ठरलेल्या क्षणी तेलाचा ठरलेला थेंब अतिदाबाने पुरवणे लहान इंजिनालाही शक्य झाले, आणि डिझेल इंजिन ट्रक व ट्रॅक्टरवर चढण्याचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात डिझेल इंजिन प्रथम आले ते मात्र विहिरीवर. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1930 च्या दशकात डिझेल इंजिने बनवण्यास सुरुवात केली, आणि 1946 मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. वीज पोहोचण्यापूर्वीच्या काळात या इंजिनांनी अनेक ठिकाणी बैलांच्या मोटेची जागा घेतली. पाण्याचे इंजिन बहुधा एका सिलिंडरचे असे, म्हणजे त्याला एकच पंप, एकच नळी आणि एकच नोझल. त्यामुळे दोष शोधण्याची जागा मर्यादित राही आणि शिकणाऱ्याला कारण व परिणाम यांचा संबंध डोळ्यांसमोर दिसे. ट्रॅक्टरच्या तीन-चार सिलिंडरांच्या इंजिनाला पुढे हात घालणाऱ्या पिढीची खरी शाळा विहिरीवरचे हेच इंजिन होते.

डिझेल ट्रॅक्टर येण्याआधीचे अनेक ट्रॅक्टर रॉकेलवर चालत आणि त्यांत कार्ब्युरेटर व ठिणगीची योजना असे. स्वातंत्र्यानंतर डिझेल ट्रॅक्टर रूढ होत गेले. 1959 मध्ये फरीदाबाद येथे आयशरचा देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, 1960 मध्ये टॅफे ही ट्रॅक्टर-कंपनी आणि 1963 मध्ये मुंबईत महिंद्राच्या सहभागाने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. 1951 मध्ये बॉशच्या सहकार्याने स्थापन झालेल्या, बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे ‘मायको’चे, पंप आणि नोझल इतके सर्वत्र पसरले की गॅरेजच्या बोलण्यात ‘मायको पंप’ हा शब्दच रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यात या यंत्रांना काम मिळाले ते भीमेवरील उजनी धरणामुळे. 1969 मध्ये सुरू झालेले धरणाचे बांधकाम 1980 मध्ये पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी शिवारात आले, उसाखालील क्षेत्र वाढले आणि साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढण्याचे काम ट्रॅक्टरवर पडले. मशागतीत कसाबसा चालणारा ट्रॅक्टर उसाच्या भाराखाली मात्र आपला दोष लपवू शकत नाही. फिल्टर थोडासा तुंबला असला तरी चढावर त्याची ताकद जाते. त्यामुळे उसाच्या वाहतुकीने या भागातील इंधनदुरुस्तीच्या कामाला नियमित गिऱ्हाईक मिळवून दिले.

जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये तेल टाकीतून गाळणीमार्गे फीड पंपाकडे येते. हा पंप ते हलक्या दाबाने पुढे ढकलतो आणि त्याला जोडलेल्या हातपंपाने इंजिन बंद असतानाही तेल खेचता येते. तेथून ते एक किंवा दोन फिल्टरांतून फ्युएल पंपात जाते. या कमी दाबाच्या भागातील बहुतेक दोष घाण, पाणी आणि हवा या तीन कारणांत सामावतात. इंजिन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल, तर जाणता मिस्त्री प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहतो, कारण झाकणातील हवेचे भोक बुजले की टाकीत पोकळी निर्माण होऊन तेलाचा ओघ थांबतो. झाकण सैल केल्यावरही ओघ सुधारला नाही, तर गाळणीची वाटी, फिल्टर आणि नळ्यांचे सांधे या क्रमाने तपासणी पुढे सरकते. इंजिनाने ‘एअर धरली’ असे म्हणतात, तेव्हा सैल सांध्यातून किंवा रिकाम्या झालेल्या टाकीतून नळीत हवा शिरलेली असते. तेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. म्हणून पंपाचा फटका हवा आकसण्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. ‘एअर काढणे’ म्हणजे फिल्टरवरील स्क्रू, मग पंपावरील स्क्रू आणि शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट या क्रमाने सैल करून, बुडबुडे थांबून सलग तेल येईपर्यंत ते वाहू देणे. हा क्रम उलटला तर मागे राहिलेली हवा पुन्हा पुढे येते.

फ्युएल पंपापासून अतिदाबाचा भाग सुरू होतो. तेथे प्लंजर नावाचा दट्ट्या बॅरल नावाच्या नळकांड्यात सरकतो आणि दोघांमधील फट अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असते. या फटीला कोणतेही वायसर नसते, धातूची घासाईच तेल अडवते. नोझल साधारणपणे 200 बारच्या आसपासच्या दाबाला उघडते आणि तेलाचा बारीक फवारा करते. गॅरेजमध्ये या भागाची परीक्षा धुरावरून आणि आवाजावरून होते. काळा धूर अपूर्ण ज्वलनाचा असून तो टपकणाऱ्या नोझलमुळे, जादा तेलामुळे किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे येतो. पांढरा धूर न जळलेल्या तेलाचा, म्हणजे उशिरा झालेल्या टायमिंगचा, कमी कॉम्प्रेशनचा किंवा तेलात आलेल्या पाण्याचा असू शकतो. इंजिन ‘मिसिंग’ करत, म्हणजे ठोका चुकवत, असेल तर चालू इंजिनावर एकेक नळीचा नट किंचित सैल केला जातो, आणि ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही तोच सिलिंडर निकामी ठरतो. मात्र या फवाऱ्याचा दाब कातडी भेदून तेल शरीरात घुसवू शकतो, हे प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

दोष पंपाच्या आत आहे असे ठरले की गावातील मिस्त्रीचे काम तेथेच थांबते. प्रत्येक सिलिंडरला सारखे तेल मिळते की नाही, हे पाहण्यासाठी पंप टेस्ट बेंचवर, म्हणजे ठरलेल्या वेगाने पंप फिरवून प्रत्येक नळीतले तेल मोजणाऱ्या यंत्रावर, चढवावा लागतो. या मोजणीला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि त्यानंतर गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, स्क्रूवर सील लावले जाते. ताकद वाढवण्यासाठी हे सील तोडून तेल वाढवले की काळा धूर आणि इंजिनाची अकाली झीज पदरी पडते. हे सील म्हणजे दोन कारागिरांमधील सीमारेषा होय, आणि ती पाळणे हा चांगल्या मिस्त्रीच्या सचोटीचा भाग आहे.

हे ज्ञान ज्या मार्गांनी पुढे गेले त्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम आहे, आणि गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली घालवलेली वर्षेही आहेत. पहिल्या मार्गाने मापे आणि नावे मिळतात. धूर पाहून आणि नळीवर बोट ठेवून तेलाचे ठोके ओळखणे दुसऱ्या मार्गाने येते. शेतकऱ्याची सवयही या इतिहासात महत्त्वाची ठरते. पेट्रोल पंप दूर असल्यामुळे डिझेल पिंपात साठवले जाते, अर्ध्या रिकाम्या पिंपात हवेतील ओल तळाशी पाणी होऊन साचते, गंज सुटतो, आणि हे सारे टाकीत जाते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले तर तेलाचा वंगणगुण घटतो आणि प्लंजर, जे त्याच तेलावर सरकतात, ते झिजतात. स्वच्छ फडक्यातून गाळणे आणि पिंपातील डिझेल स्थिर होऊ देणे या साध्या शिस्तीने महागडी दुरुस्ती टळते.

भारतात 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निकष लागू झाले आणि त्यांत संगणकाने नियंत्रित होणारी कॉमन रेल व्यवस्था येऊ लागली. तेथे नळी सैल करून सिलिंडर तपासणे धोक्याचे आहे, कारण दाब कित्येक पटींनी अधिक असतो आणि दोष सेन्सरच्या नोंदीवरून वाचावा लागतो. पंपदुरुस्ती केंद्राच्या कौशल्याचा मोठा भाग त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरांपुरता उरेल. गावातील मिस्त्रीच्या वाट्याचा भाग मात्र नव्या यंत्रातही तसाच आहे. किंबहुना दाब वाढल्यामुळे घाण, पाणी आणि हवा यांची किंमत आता अधिक मोजावी लागते. म्हणून करकंबसारख्या गावांतील मिस्त्रींनी दोन-तीन पिढ्यांत घडवलेली टाकीपासून सुरुवात करण्याची ही पद्धत जुन्या ट्रॅक्टरांबरोबर भंगारात जाऊ नये. ती लिहून ठेवली पाहिजे आणि प्रशिक्षण संस्थांमध्ये मिस्त्रींच्याच भाषेत शिकवली गेली पाहिजे.