अनुदान, शासकीय (स्थानिक स्वराज्य संस्थांना)

राज्य शासन ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका यांना परतफेडीची अट न घालता जी रक्कम देते ती शासकीय अनुदान होय. घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या वसुलीतून कर्मचाऱ्यांचे पगार आणि रस्ते-नाल्यांचा खर्च भागत नसल्याने तिची गरज पडते. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात सप्रयोजन, आस्थापना, प्रोत्साहन असे अनुदानाचे प्रकार आहेत. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर वाटपाची शिफारस करणे हे राज्य वित्त आयोगाचे काम झाले.

शहरांच्या बाबतीत सर्वांत मोठी रक्कम ही खरे तर भरपाई आहे. जकात गेली, त्यानंतरचा स्थानिक संस्था कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपला. त्या वर्षीच्या राज्य कायद्याने २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून, दरसाल ८ टक्के वाढीसह महानगरपालिकांना भरपाई ठरली. नाक्यावर रोज जमणारा पैसा आता मुंबईहून हप्त्याने येतो. हप्ता लांबला की पगारही लांबतात. कर लावण्याचा अधिकार गमावल्याची ही किंमत आहे.

अनुदानाचा प्रश्न अनेक गावांनी मिळून वापरायच्या सेवांतही येतो, आणि अशा एकत्रित सेवांचा अनुभव वऱ्हाडाला जुना आहे. अमरावतीतल्या राजापेठेतून बडनेरा रस्त्याला लागल्यावर एक गाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे आज कळत नाही. पूर्वी दोन्हीकडे स्वतंत्र नगरपालिका होत्या. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका स्थापन झाली आणि बडनेरा तिच्यात आले. पाण्याची सोय मात्र महापालिकेकडे नाही. मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणते. त्यामुळे राजापेठेतल्या घरमालकाला मालमत्ता कराचे बिल एका कार्यालयाचे, तर पाण्याचे दुसऱ्याचे येते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर एकट्या गावाचा इलाजच चालत नाही. विहीर कितीही खोल खणली तरी पाणी खारेच लागते. म्हणून अकोला जिल्ह्यात वान धरणावरची ८४ खेडी आणि काटेपूर्णेवरची ६४ खेडी योजना उभ्या राहिल्या. अशा योजनेची जलवाहिनी शासकीय पैशातून टाकली जाते, पण विजेचे बिल व दुरुस्ती गावांच्या पाणीपट्टीवर अवलंबून असते. काही गावांनी थकबाकी ठेवली, तर नियमित भरणाऱ्या गावाचाही नळ कोरडा पडतो. बांधणीला अनुदान आणि चालवण्याला तुटपुंजी तरतूद, हा या पद्धतीतला मोठा दोष आहे.

संस्थांनी आपणहून एकत्र यावे यासाठीचे प्रोत्साहन अजून नाममात्र आहे. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांना सुमारे ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यांत नगरपालिकांच्या सामायिक सेवा केंद्रांसाठी ४५० कोटी होते, म्हणजे हजार रुपयांत जेमतेम एक रुपया.