पाच हजार गाड्यांची अट आणि दोन जर्मन मोटारी

रोजच्या रस्त्यावर चालेल आणि रेसच्या ट्रॅकवरही पळेल अशी एकच गाडी घ्यायची, तर कोणती घ्यावी? मोटारींचा शौक असलेली चार माणसं जमली की हा प्रश्न निघतोच. मग कुणी अश्वशक्तीचे आकडे सांगतो, कुणी शून्य ते शंभरचे सेकंद मोजतो. वाद रंगतो, पण हा प्रश्न मुळात आला कुठून याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एकाच गाडीनं दोन्ही कामं करावीत ही अपेक्षा कंपन्यांच्या उदारपणातून आलेली नाही. ती एका नियमातून आलेली आहे. त्या नियमाचा इतिहास पाहायचा तर १९८०च्या दशकातल्या पश्चिम जर्मनीतल्या दोन गाड्या समोर ठेवाव्या लागतात. एक मर्सिडीज १९० ई २.३-१६ आणि दुसरी बीएमडब्ल्यू एम-३.

आपल्याकडे त्या काळी अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि नव्यानं आलेली मारुती एवढाच संसार होता. परदेशी गाडी आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यामुळे या दोन गाड्यांमधली स्पर्धा आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही. पण ही गोष्ट निव्वळ गाड्यांची नाही. नियम का केला जातो, तो कसा पाळला जातो आणि पाळता पाळता त्यातला जीव कसा निघून जातो, हे तिच्यात स्पष्ट दिसतं.

अट काय होती?

मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए हिने १९८२पासून ‘ग्रुप ए’ नावाचा वर्ग सुरू केला. त्याची मुख्य अट अशी की, ज्या मॉडेलला शर्यतीत उतरवायचं त्याच्या किमान ५,००० गाड्या सलग बारा महिन्यांत तयार झालेल्या असल्या पाहिजेत. इंजिनाचा मूळ साचा, गाडीचं अंग आणि बाहेरचा आकार शोरूममधल्या गाडीप्रमाणेच हवा. कंपनीला रेसच्या गाडीवर मोठा पंखा लावायचा असेल, तर तोच पंखा आधी गिऱ्हाइकाच्या गाडीवर लावून द्यावा लागे.

यामागची नियत साधी होती. रविवारी ट्रॅकवर जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात दिसली पाहिजे. ट्रॅकवर एक आणि दुकानात दुसरंच, असा व्यवहार चालणार नाही. कंपनी ज्या नावावर जिंकते, त्याच नावाचा खरा माल तिनं गिऱ्हाईकाला द्यावा. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर नमुना आणि माल एकच असावा.

मर्सिडीज : रॅलीसाठी जन्मली, ट्रॅकवर पोचली

मर्सिडीजनं १९५५नंतर शर्यतींकडे पाठ फिरवली होती. त्या वर्षी ११ जूनला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत त्यांची गाडी प्रेक्षकांमध्ये घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्यानंतर कंपनीचा अधिकृत संघ कित्येक वर्षं शर्यतीपासून दूर राहिला.

१९८२च्या शेवटी त्यांनी १९० नावाची लहान सेडान बाजारात आणली. तिला रॅलीत उतरवायचं म्हणून इंजिनाचं काम इंग्लंडमधल्या कॉसवर्थ कंपनीकडे दिलं. कॉसवर्थनं २.३ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर सोळा व्हॉल्व्हचं नवं हेड बसवलं आणि १८५ अश्वशक्ती निघाली. पण तोवर रॅलीत ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी क्वात्रो आली होती. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला चिखलात आणि बर्फात तिच्यापुढे फारशी आशा नव्हती. गाडी तयार, पण जिच्यासाठी केली ती जागाच गेलेली.

मग मर्सिडीजनं दुसरा मार्ग धरला. ऑगस्ट १९८३मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर या गाड्या आठ दिवसांहून जास्त काळ रात्रंदिवस पळवल्या. ५०,००० किलोमीटर पार झाले, सरासरी वेग ताशी २४७.९ किलोमीटर. नवीन इंजिन किती टिकाऊ आहे हे यातून जगाला दाखवायचं होतं.

पुढचा प्रसंग त्याहून प्रसिद्ध आहे. १२ मे १९८४ला न्यूरबुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला. उद्घाटनाला मर्सिडीजनं एकसारख्या वीस गाड्या आणल्या आणि त्यांत जुने-नवे नामांकित चालक बसवले. स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबहॅम, निकी लाउडा, आलँ प्रोस्त असे. फिटिपाल्डी येऊ शकला नाही म्हणून त्याच्या जागी चोवीस वर्षांचा, फॉर्म्युला वनमध्ये नुकताच आलेला एक ब्राझिलियन बसला. त्याचं नाव आयर्टन सेना. सगळ्यांच्या गाड्या सारख्याच होत्या, त्यामुळे हरल्यावर गाडीला दोष द्यायची सोय नव्हती. सेना पहिला आला, लाउडा दुसरा. दुकानातल्या गाडीत जेमतेम बदल करून ती ट्रॅकवर उतरते, हे इथे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

असं असलं तरी ही गाडी मनानं घरगुतीच होती. चार दरवाजे, चार माणसांना ऐसपैस जागा, मोठी डिकी. डिकीत सामान भरलं तरी मागचा भाग खाली बसू नये म्हणून स्वतःहून उंची सांभाळणारं सस्पेन्शन. घरातली सगळी माणसं बसवून दूरच्या गावाला जावं, अशी ती गाडी.

बीएमडब्ल्यू : रेसची गाडी, तिला नंबर प्लेट

म्युनिकच्या बीएमडब्ल्यूनं उलट्या टोकापासून सुरुवात केली. कंपनीचे प्रमुख एबरहार्ड फॉन क्यूनहाइम यांनी इंजिनांचे उस्ताद पॉल रोशे यांना ३-सिरीजसाठी जबरदस्त इंजिन करायला सांगितलं. रोशे यांनी एम-१ गाडीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड घेतलं, त्यातला दोन सिलिंडरांचा भाग कापला, उघडी पडलेली बाजू पत्रा लावून बंद केली आणि ते चार सिलिंडरच्या इंजिनावर चढवलं. दोन आठवड्यांत पहिलं इंजिन चालू झालं. त्यातूनच २.३ लिटरचं, २०० अश्वशक्तीचं इंजिन तयार झालं.

सहा सिलिंडरचं तयार इंजिन हाताशी असताना चारचं का केलं? कारण लांब इंजिनाचा दांडाही लांब असतो. फेरे फार वाढले की तो कंप पावतो. आखूड दांडा जास्त फेरे सहन करतो, शिवाय इंजिन हलकं झाल्यानं गाडीचं नाक वळणावर जड पडत नाही. हा हिशेब रस्त्याचा नव्हता. रस्त्यावर सहा सिलिंडरचं गुळगुळीत इंजिनच बरं वाटलं असतं.

गाडीच्या अंगाचंही तसंच. दिसायला ती ३-सिरीज, पण बाहेरच्या पत्र्यांपैकी फार थोडे साध्या गाडीचे होते. रुंद रेसिंग टायर मावावेत म्हणून चाकांवरचे भाग फुगवले. मागून हवा नीट वाहावी म्हणून मागच्या काचेचा उतार बदलला, डिकीचं झाकण उंच करून प्लॅस्टिकचं केलं. दरवाजे दोनच. स्टीअरिंग फक्त डावीकडे. १९८५मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिला मांडलं, १९८६मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८७च्या हंगामात ती ट्रॅकवर उतरली.

दोन्ही गाड्यांचा एक धागा समान होता, तो म्हणजे गिअर. नेहमीच्या गाडीत पहिला गिअर डावीकडे वर असतो. या दोन्ही गाड्यांच्या युरोपीय मॉडेलमध्ये तो डावीकडे खाली होता. ट्रॅकवर पहिला गिअर फक्त निघताना लागतो, नंतर सारा खेळ दुसऱ्या ते पाचव्याचा. म्हणून दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा समोरासमोर एका रेषेत ठेवले. पण शहरातल्या गर्दीत, सिग्नलला, दर मिनिटाला पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हात वाकडा करावा लागे. ट्रॅकची किंमत रस्त्यावर कशी मोजावी लागते, हे मालकाला रोज कळत होतं.

नियमाचे शब्द आणि नियमाची नियत

१९८७मध्ये टूरिंग कारची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिलीच शर्यत मार्चमध्ये मोंझाला. एम-३ गाड्यांनी पहिल्या सहा जागा घेतल्या आणि तपासणीत सगळ्या बाद झाल्या, कारण अंगाचे भाग ठरल्यापेक्षा हलके होते. सातव्या आलेल्या ऑस्ट्रेलियन होल्डनला विजेता ठरवलं गेलं. पुढे त्याच वर्षी बॅथर्स्टला फोर्डच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या आणि चाकांवरच्या कमानींमुळे त्याही बाद झाल्या. चालकांचं विजेतेपद अखेर एम-३च्या रोबेर्तो राव्हाल्याला मिळालं. एम-३नं जर्मनीची डीटीएम स्पर्धा १९८७ आणि १९८९मध्ये जिंकली.

बाद होणं ही उघड चूक होती आणि तिला शिक्षाही झाली. पण नियमाला खरी ओहोटी लागली ती कायदेशीर वाटेनं. मूळ ५,००० गाड्या झाल्यावर कंपनीला सुधारित आवृत्ती काढायची मुभा होती आणि तिच्यासाठी फक्त ५०० गाड्या पुरत. दोन्ही कंपन्यांनी ही वाट धरली. बीएमडब्ल्यूनं १९८८मध्ये ५०० गाड्यांची आवृत्ती काढली, १९९०मध्ये २.५ लिटरची ६०० गाड्यांची. मर्सिडीजनं १९८९मध्ये ५०२ आणि १९९०मध्ये पुन्हा ५०२ काढल्या. या शेवटच्या ‘इव्होल्यूशन टू’वर मागं एवढा उंच पंखा होता की सभ्य सेडानवर तो परकाच वाटे.

किमतीही बदलल्या. १९८४ची साधी २.३-१६ सुमारे ५० हजार मार्कांना मिळत होती. इव्होल्यूशन टूला सुमारे १ लाख १५ हजार लागत. ५०२ गाड्या म्हणजे अटीपेक्षा दोन जास्त. नियमाचं अक्षर न् अक्षर पाळलं गेलं. पण मूळ अट सांगत होती की ट्रॅकवरची गाडी लोकांच्या हाती पोचली पाहिजे. आता ती मोजक्या धनिकांच्या हाती पोचत होती आणि त्यांतले कित्येक ती न चालवता जपून ठेवणार होते.

ट्रॅकवर मात्र मर्सिडीजला फळ मिळालं. एएमजीच्या संघाबरोबर १९९२मध्ये क्लाउस लुडविगनं याच गाडीत डीटीएम जिंकली. त्याच वर्षी होकेनहाइमला एलेन लोरनं शर्यत जिंकली. डीटीएमची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

१९९३पासून नियमच बदलले. रेसच्या गाडीला दुकानातल्या गाडीशी फारसं नातं ठेवायची गरज उरली नाही. बीएमडब्ल्यू बाहेर पडली. उरलेल्यांनी इलेक्ट्रॉनिक्सनं भरलेल्या, विमानासारख्या महागड्या गाड्या बांधल्या. खर्च इतका वाढला की १९९६च्या अखेरीस ओपेल आणि अल्फा रोमिओनं अंग काढून घेतलं आणि ती स्पर्धा बंद पडली. ५,००० गाड्यांची अट कंपन्यांना जाचक वाटायची. पण तीच त्यांच्या खर्चाला लगामही घालत होती. जे ५,००० गिऱ्हाइकांना विकायचं आहे, ते अवाच्या सवा महाग करता येत नाही.

मग निवड कोणती?

पंख्यांच्या आवृत्त्या मी बाजूला ठेवतो. निवड करायची तर पहिल्या, साध्या रूपांतच. दोन्ही कंपन्यांनी अटीपेक्षा कितीतरी जास्त गाड्या विकल्या. २.३-१६च्या १९ हजारांहून जास्त, एम-३च्या सगळ्या आवृत्त्या मिळून सुमारे १८ हजार. म्हणजे लोकांना खरोखरच अशी गाडी हवी होती.

घरात लहान मुलं आणि वडीलधारी माणसं असतील, वर्षातून दोनदाच ट्रॅकवर जायचं असेल, तर मर्सिडीज. ती थकवत नाही. मागं बसलेल्या माणसाला आपण रेसच्या गाडीत बसलोय असं वाटत नाही आणि ते चांगलंच आहे. रस्ता आपल्या एकट्याचा नसतो.

तरीही दोन्हींतली एक उचल म्हणाल, तर मी एम-३ उचलेन. मर्सिडीज रॅलीसाठी निघाली, तिथली जागा गेल्यावर ट्रॅकवर आली. ती उत्तम रस्त्याची गाडी आहे, शर्यत तिला नंतर शिकवली. एम-३ मात्र त्या अटीचं थेट उत्तर होती. तिचं कापून जोडलेलं इंजिन, फुगवलेलं अंग, बदललेली मागची काच, हे सगळं ट्रॅकसाठी लागणार होतं आणि ते जसंच्या तसं गिऱ्हाइकाला दिलं गेलं. नमुना आणि माल एकच असावा ही अपेक्षा या दोघींत तिनं जास्त प्रामाणिकपणे पूर्ण केली. त्यासाठी वाकडा गिअर आणि दोन दरवाज्यांची अडचण मी सोसेन.

आज गाडीच्या मागं ‘स्पोर्ट’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ लाल शिलाईची सीट आणि काळी चाकं एवढाच असतो. त्या शब्दामागं काही तरी सिद्ध करायला लावणारी अट आता नाही. आणि ज्या गाड्यांनी ते सिद्ध केलं होतं त्या लिलावात इतक्या महाग झाल्यात की त्यांचे मालक त्यांना बाहेर काढायला कचरतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनलेल्या या गाड्यांपैकी कित्येक आज चादर पांघरून बंद गॅरेजात उभ्या आहेत.