आबांच्या नद्या

आबा लढाईची गोष्ट सांगायचे तेव्हा त्यात शत्रू फार उशिरा यायचा. आधी पाऊस यायचा, मग चिखल, मग नदी. उंब्रजपाशी तारळी कृष्णेला मिळते, तिथून कोसभरावर आमचं गाव. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर आबा पडले की आम्ही पोरं भोवती जमायचो, आणि ते बोटांच्या पेरांवर नावं मोजायचे. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, गारी, आर्नो, सेनियो, पो. ही नावं मला गंगा-गोदावरीच्या आधी पाठ झाली.

कॉलेजात असताना इटलीचा नकाशा पहिल्यांदा पसरला आणि पूर्व किनाऱ्यावरून वर बोट नेत गेले. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, सगळ्या ओळीनं भेटल्या. पुढं बोट अडलं. गारी होती पार डोंगरापलीकडं, तीही खाली दक्षिणेला. मला वाटलं, म्हातारपणी आबांचं काहीतरी चुकलं. मग वाचनात आलं, की दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या वसंतात, त्यांची आठवी हिंदी डिव्हिजन डोंगर ओलांडून गारीकाठच्या कासिनोच्या आघाडीवर नेली होती. आबांनी नद्या पायांनी मोजल्या होत्या.

बेळगावला भरती झालेले आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. सप्टेंबर १९४३मध्ये त्यांची डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली. इटलीच्या मधून अपेनाइन डोंगर सह्याद्रीसारखा उभा गेलाय आणि त्याचं पाणी दोन्ही अंगांना समुद्राकडं पळतं. कोकणात पेणहून राजापूरपर्यंत चालत निघालेल्या माणसाला सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी एकेक नदी आडवी येते, तसंच तिथं. एक ओलांडावी तर पुढच्या डोंगरसोंडेमागं दुसरी तयार. जर्मन फौज पूल उडवून पलीकडच्या उंच काठावर बसायची आणि तो काठ गेला की मागच्या नदीवर जायची. आठव्या डिव्हिजननं ‘आणखी एक नदी’ हेच आपलं ब्रीद करून टाकलं होतं.

“नदीला दोन काठ असत्यात पोरी,” आबा म्हणायचे. “येक आपला, येक त्येंचा. पानी कुनाचंच नसतं.”

पाण्याचा हा बेभरवसा सांग्रोनं दाखवला. नोव्हेंबरचा पाऊस कोसळत होता, डोंगरातून लोंढे येत होते, टाकलेले पूल पाण्याखाली जात होते आणि हल्ल्याचा दिवस पुढं ढकलला जात होता. आबा कृष्णाकाठचे, भोपळे बांधून सांगडीवर पूर ओलांडलेले. पण तिथलं पाणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. “कृष्णामाई हाताला कोमट लागती. ती सांग्रो हाडात शिरायची,” एवढं म्हणून ते पायाच्या नडगीवरून हात फिरवायचे.

पुढच्या महिन्यात मोरोवर सगळ्यांनाच कोडं पडलं. अलीकडच्या बाजूचा रस्ता अशा वळणानं नदीवर उतरत होता, की पूल जोडायला जागाच नाही. मग हिंदी सॅपर्सनी, म्हणजे पूल बांधणाऱ्या सैनिकांनी, सामान आधी पलीकडं, शत्रूच्या बाजूला नेलं आणि तिकडून बेली पूल आपल्याकडं उलटा बांधत आणला. ‘अशक्य पूल’ हेच त्याचं नाव पडलं. आबा ही गोष्ट सांगताना उठून बसायचे. काटक्या घेऊन अंगणातल्या मोरीवर तो पूल उलटा जोडून दाखवायचे. बंदूक हातात घेतलेल्यापेक्षा पाना हातात घेतलेल्या माणसाचं त्यांना जास्त कौतुक होतं, आणि मलाही ते पटतं.

पानिपतची गोष्टसुद्धा ते नदीपासूनच सुरू करायचे. ऑक्टोबर १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी यमुनेकाठचं कुंजपुरा घेतलं. यमुना चढलेली, अब्दाली पलीकडं अडकला असा हिशेब होता. पण त्याच महिन्याच्या शेवटी त्याला बागपतजवळ उतार सापडला आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तुटला. लोक संक्रांतीचा दिवस सांगतात. आबांच्या लेखी लढाई त्या उतारावरच फिरली होती. “उतार कुटं हाय ते राखायला हवं हुतं,” असं म्हणून ते गप्प व्हायचे.

सेनियोबद्दल मात्र ते हळू बोलायचे. नदी म्हणावी तर जेमतेम १५ फूट रुंद, पाणी छातीपर्यंत, आमच्या तारळीपेक्षाही लहान. पण दोन्ही बाजूंना पूर अडवायला घातलेले बांध ३०-३५ फूट उंच, वाड्याच्या भिंतीसारखे सरळ. जर्मनांनी ते बांध घुशीसारखे पोखरून आत ठाणी केली होती आणि पाण्यालगत सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५. दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी काठ भाजून काढला. संध्याकाळी पलटण उतरली.

नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव तेव्हा २३ वर्षांचे, कंपनीचे निरोप पोचवणारे. त्यांच्या भोवतालची माणसं गोळीबारात पडली. जाधवांनी पाण्यातून एका जखमीला उचलून सुरुंगांतून बांधावर नेलं, परत खाली उतरले, दुसऱ्याला आणलं. मग एकटेच तिसऱ्यांदा गेले आणि मशिनगनचं एक ठाणं बंद केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकली आणि हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी उडवली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आबा त्या मागच्या कंपन्यांमध्ये होते. बांधाआड पालथे पडलेले. “मानूस दिसला न्हाई, धूर लई. पर आवाज ऐकला. त्या आवाजावर उटलो.” पलीकडं पोचल्यावर त्यांनी वाकून सेनियोचं पाणी डोळ्यांना लावलं होतं. आपल्याकडं नदी ओलांडताना लावतात तसं. पुढं तीन आठवड्यांत इटलीतली लढाई संपली.

त्यांचा जोडीदार सांग्रोच्या अलीकडं गेला होता. वाळव्याचा. त्याला तिथंच नदीकाठी अग्नी दिला. सांग्रोकाठच्या युद्धस्मशानात आज एक स्मारक आहे, त्यावर दहन झालेल्या ५००हून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. आबांनी ते कधी पाहिलं नाही. सर्वपित्रीला ते कृष्णेत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, मी काठावर तिळाची वाटी धरून. वडिलांना, आजोबांना, पणजोबांना पाणी देऊन झालं की एक ओंजळ उरायची. ती भरून ते जोडीदाराचं नाव घ्यायचे, मग सांग्रोचं, आणि बोटं हळूच सैल करायचे. काळे तीळ त्यांच्या गुडघ्यांभोवती थोडा वेळ घुटमळायचे आणि मग धारेला लागायचे.