मुकादम, मुनीम आणि फिटर : यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यांच्या नोकरभरतीचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील कारखानदारी मुख्यतः कापसाच्या आधाराने उभी राहिली आणि तिचा पहिला आकार जिनिंग-प्रेसिंगचा होता. वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी काढून रुई मोकळी करणे म्हणजे जिनिंग, आणि ती रुई दाबून तिच्या गाठी बांधणे म्हणजे प्रेसिंग. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशा बाजारगावांच्या कडेला उभे राहिलेले हे कारखाने एखाद्या पेढीच्या किंवा मोजक्या भागीदारांच्या मालकीचे असत, कापूस येऊ लागला की सुरू होत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद पडत. बारमाही कापडगिरणीला एकदा नेमलेला कामगार वर्षानुवर्षे सांभाळता येई. जिनवाल्या मालकाला मात्र दर हंगामात जवळजवळ सगळी माणसे नव्याने जमवावी लागत, आणि तीही जाहिरात, अर्ज किंवा मुलाखत यांवाचून. हे काम त्याने कसे निभावले याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, या कारखान्यांनी कामगाराची पारख स्वतः फारशी केलीच नाही. कामगाराबद्दल हमी देऊ शकेल अशा मध्यस्थाची पारख त्यांनी केली, आणि पुढे कायद्याने परवाना, दाखला व नोंदणी आणली तरी ही हमीची गरज संपली नाही.

या पद्धतीची मुळे कारखान्याच्या आधीच्या शेतीव्यवस्थेत होती. वऱ्हाडात वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याला सालदार म्हणत. त्याचे साल साधारणपणे गुढीपाडव्याला ठरे आणि त्याच्या मोबदल्यात धान्य व रोख रक्कम या दोहोंचा वाटा असे. सालदार निवडताना शेतमालक ज्या गोष्टी पाही, त्या म्हणजे त्याने मागचे साल कोणाकडे काढले, ते मध्येच सोडले का, त्याच्यावर कोणाची बाकी आहे का आणि बैलांना त्याचा हात कसा आहे. ही सारी माहिती गावातच फिरत असल्यामुळे लेखी दाखल्याची गरज पडत नसे. गावाबाहेरचा, अनोळखी माणूस घ्यायचा झाला तर त्याच्या वतीने शब्द टाकणारा ओळखीचा माणूस लागे. शेतीतील ही रीत बाजारगावातील कारखान्याने बऱ्याच अंशी उचलली, फक्त शब्द टाकणाऱ्याला तेथे पगार किंवा दलाली मिळू लागली.

कारखानदारी येण्यास बाहेरची कारणे घडली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. त्या वेळी वणी जिल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखाला तो मार्ग थेट स्पर्श करीत नव्हता, त्यामुळे यवतमाळचा माल गाड्यांनी धामणगाव स्टेशनावर जाई. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. त्याच सुमाराच्या वर्षांत किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकाराने मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग उभा राहिला, जो पुढे शकुंतला या नावाने लोकांच्या तोंडी बसला. रेल्वेने माल लवकर हलू लागला, तसा तो जागेवरच वटवून (म्हणजे सरकी काढून) व दाबून पाठवणे किफायतशीर ठरले, कारण मोकळा कापूस डब्यात फार जागा अडवतो. घरोघरी हातरेच्यावर सरकी काढण्याचे काम, जे बहुधा बायका करीत, ते वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या रेच्यांकडे गेले.

या कारखान्यांची पहिली अडचण माणसांच्या हंगामाची होती. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चालते आणि कापूस कारखान्यात येऊ लागतो तो नेमका याच काळात. म्हणजे वेचणारे हात आणि रेच्यावर बसणारे हात एकाच वेळी, आणि पुष्कळदा त्याच घरांतून, हवे असत. ज्वारीची कापणी-मळणी त्यातच येई. अशा वेळी दारात येईल त्याला घेऊन चालत नसे, कारण आज आलेला मजूर चार दिवसांनी शेतात परतला तर रेच्यांची रांग अर्धी रिकामी राही आणि इंजिनाचा कोळसा मात्र तेवढाच जळे. यावरचा उपाय म्हणजे मुकादम. तो स्वतः मजुरांपैकीच किंवा त्यांच्या जातगोतातला असे, एखाद्या गावातून, पाड्यावरून किंवा तांड्यातून टोळी बांधून आणी, तिची हजेरी ठेवी आणि मजुरी त्याच्या हातून वाटली जाई. केळापूर, मारेगाव, झरी या भागांत गोंड व कोलाम वस्ती, तर पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांत बंजारा तांडे, यांमुळे टोळीची बांधणी मुळात वस्तीच्या नात्यांवर होई. तांड्याच्या नायकाचा किंवा कारभाऱ्याचा शब्द तेथे मालकाच्या शब्दापेक्षा अधिक चाले.

मुकादमाच्या हातातील मुख्य साधन उचल हे होते. उचल म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी मजुरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम. ती मालक मुकादमाला देई, मुकादम मजुरांना देई आणि फिटेपर्यंत मजूर कामाला बांधलेला राही. मालकाच्या दृष्टीने उचल हा भरतीचा खर्च होता आणि विमाही होता, कारण टोळी फुटली तर रक्कम बुडण्याची जोखीम आधी मुकादमाच्या माथी येई. ब्रिटिश अमलातील १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम न करणे हा फौजदारी विषय केला होता. तो कायदा मुळात इलाख्यांच्या राजधान्यांसाठी असला तरी त्याची व्याप्ती वाढवीत नेण्यात आली आणि १९२५ साली तो रद्द करण्याचे ठरेपर्यंत कराराचा भंग म्हणजे मजुराचा गुन्हा ही समजूत सरकारी मान्यतेने रुजत गेली. मजुराच्या बाजूने पाहिले तर या भरतीत निवड कमी आणि अडवणूक जास्त होती. ज्याच्या घरी पेरणीनंतर धान्य संपलेले असे, तोच उचलीला आधी राजी होई.

रेच्यावरच्या कामाला मात्र केवळ हजर राहणे पुरत नसे. जुन्या एकरोलरी रेच्यात चामडे बसवलेला एक रूळ फिरतो, त्याला एक स्थिर सुरी चिकटून असते आणि दुसरी हलती सुरी वरखाली होत सरकीला ठोसा देते. रूळ तंतू ओढून नेतो आणि सरकी मागे गळते. समोर उभी राहून ओटीतल्या किंवा टोपलीतल्या कापसाच्या मुठी सुरीपाशी सारख्या जाडीने सोडत राहणे हे बाईचे काम असे. मूठ जाड पडली की सरकीवर तंतू शिल्लक राहतो, पातळ पडली की रेचा रिकामा फिरतो आणि कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहिला तर ठिणगी उडून आग लागण्याचा धोका असतो. म्हणून रेच्यावर कोणाला उभे करायचे हे मुकादम जुन्या बायकांना विचारूनच ठरवी. नवी पोर आधी कापूस वाहून आणी, झाडलोट करी, काडीकचरा वेचे आणि शेजारच्या रेच्यावर आई किंवा चुलती असली तर पाहून पाहून शिके. उमेदवारीची ही पद्धत कोठे लिहून ठेवलेली नव्हती, पण कारखान्याला सरावलेला हात पुरवणारी तीच शाळा होती.

फिटरची गोष्ट वेगळी होती. रुळाला खाचा पाडणे, दोन सुऱ्यांतील अंतर बसवणे, चामडे बदलणे ही कामे चुकली तर सरकी फुटून तिचे तुकडे रुईत जातात किंवा रूळ तापून तंतू करपतो आणि मुंबईच्या बाजारात त्या मालाला भाव मिळत नाही. असा माणूस गावात सापडत नसे; तो नागपूर, अकोला किंवा मुंबईकडच्या एखाद्या कारखान्यात शिकलेला असे आणि त्याची चौकशी एका मालकाकडून दुसऱ्याकडे पत्राने होई. मजुराची परीक्षा टोळीच्या शब्दावर होई, तर फिटरची परीक्षा हंगामाच्या आधीच्या डागडुजीत होई : बंद पडलेल्या रेच्यांपैकी किती दिवाळीपूर्वी चालते झाले, एवढ्यावर त्याचे साल ठरे. बाष्पकावरच्या माणसाबाबत तर सरकारनेच हस्तक्षेप केला. १९२३ च्या बॉयलर कायद्याखालील नियमांनी बाष्पक दाखलाधारक माणसाच्याच ताब्यात असावा असे बंधन आणले, आणि त्यामुळे जिनाच्या आवारातील कदाचित पहिली अशी जागा निर्माण झाली जिच्यासाठी ओळखीपेक्षा कागद मोठा ठरला.

मुनीम या तिसऱ्या प्रकारच्या नोकराची निवड सर्वांत बंदिस्त होती. पेढीचे रोखे, उधारी, कापसाची खरेदी आणि गाठींची विक्री त्याच्या वहीत असल्यामुळे हिशेबाच्या कौशल्याइतकाच विश्वासही पाहिला जाई. राजस्थान, कच्छ व गुजरात येथून आलेल्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या मुनीम बहुधा आपल्याच ज्ञातीतून किंवा मूळ गावातून आणीत; कोवळ्या वयात आलेला मुलगा आधी गादीवर पाणी देणे, चिठ्ठ्या पोहोचवणे अशी कामे करून पुढे रोकड व खतावणीपर्यंत चढे. स्थानिक शिकलेल्या तरुणाला या वर्तुळात शिरकाव कठीण होता. विश्वासाच्या नावाखाली झालेल्या या निवडीने पेढी सुरक्षित राहिली, परंतु धंद्याचे ज्ञान जिल्ह्यातील इतर समाजांत पसरण्याची गती तिनेच मंदावली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, बाजारात, हमीची जागा परवान्याने घेण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अडते, दलाल व मापारी यांना बाजार समितीच्या परवान्याच्या कक्षेत आणले. मापारी म्हणजे माल तोलणारा. त्याची तोलाई ठरलेली आणि त्याचा परवाना काढून घेता येण्याजोगा असल्यामुळे शेतकऱ्याला, निदान तत्त्वतः, दाद मागण्यास जागा मिळाली. तरीही परवान्यासाठी अर्ज करणारा मापारी कोणा ना कोणा अडत्याचा माणूस असेच. कागद समितीचा आणि शिफारस व्यापाऱ्याची, अशी ही जोडरचना पुढेही टिकून राहिली.

कारखाने कायद्यांनी कामाचे तास बांधले, पण भरतीला हात फारसा लावला नाही. १८८१ चा पहिला कायदा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखाने कक्षेत घेतले, मात्र स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सवलत ठेवली. १९३४ साली हंगामी कारखान्यांना बारमाहीपेक्षा जास्त तास मान्य झाले आणि हा भेद १९४८ च्या कायद्यानेच संपवला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात नेमणूक व बडतर्फीचे अधिकार मुकादमाच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत अशी शिफारस केली. नागपूरच्या १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या, कामगार टिकवण्यासाठी निवृत्तिनिधीपर्यंत मजल मारलेल्या गिरणीला ही सूचना पेलणारी होती. चार महिन्यांच्या जिनाला वेगळा अधिकारी ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून तेथे मुकादमच कामगार अधिकारी राहिला.

खरा धक्का स्वातंत्र्यानंतर, आणि तोही याच जिल्ह्याच्या माणसाच्या कारकिर्दीत बसला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असताना झालेल्या तीन निर्णयांनी मजूरबाजाराची तिन्ही टोके हलवली. १९६९ च्या माथाडी कायद्याने, जेथे मंडळ स्थापन झाले तेथे, हमालाची नोंदणी मंडळाकडे आणि त्याची मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली. १९७१ च्या कायद्यावर आधारलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२-७३ च्या हंगामापासून सुरू झाल्यावर खाजगी जिने सरकारी कापूस ठरलेल्या दराने वटवून देणारी झाली आणि माल पारखणारा मुनीम मागे पडून प्रतवारीकार, म्हणजे ग्रेडर, पुढे आला. चिमटीत कापसाचे तंतू ओढून लांबी, ताकद, ओलावा व कचरा जोखणाऱ्या या सरकारनियुक्त माणसाच्या निर्णयावर शेतकऱ्याचे पैसे ठरू लागल्याने त्याच्या निवडीला सार्वजनिक महत्त्व आले. तिसरा निर्णय रोजगार हमी योजनेचा. १९७२ च्या दुष्काळात ती राबवली गेली आणि १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे बळ मिळाले. मागेल त्याला काम मिळण्याची शक्यता निर्माण होताच उचलीवाचून दिवस काढणे काही घरांना तरी जमू लागले आणि मुकादमाच्या शब्दाचे वजन तेवढ्याने घटले. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने उचलीच्या आडून होणाऱ्या बांधणीला गुन्हा ठरवले, जरी उचल ही प्रथा त्यामुळे नाहीशी झाली नाही.

रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा १९५९ चा कायदा खाजगी क्षेत्रात पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता असल्याने असंख्य लहान उद्योग त्याच्या बाहेर राहिले. त्यापेक्षा यंत्राने अधिक बदल घडवला. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनांचे आधुनिकीकरण झाले, कापूस वाहून नेणारे पट्टे व आपोआप भरणी करणारी साधने आली आणि रेच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांची गरज घटली. उलट यंत्र सांभाळणाऱ्या कुशल माणसाची गरज वाढली. नागपूर येथे १९८५ साली स्थापन झालेले जिनिंग प्रशिक्षण केंद्र फिटर व व्यवस्थापक यांना शिकवू लागल्याने पूर्वी शेजारच्या रेच्यावर होणारे शिक्षण अभ्यासक्रमात आले.

या दीड शतकाच्या वाटचालीत लहान उद्योगाची भरती दोन गोष्टींच्या ओढाताणीत राहिली. चुकीच्या माणसाचा फटका लहान मालकाला तत्काळ बसतो, पण माणूस तपासण्याचा खर्च मात्र त्याला पेलत नाही. म्हणून तो तपासणीचे काम अशा कोणावर तरी सोपवतो ज्याचे स्वतःचे नाव त्यात गुंतलेले असते. मुकादम, ज्ञाती, बाजार समिती, मंडळ आणि प्रशिक्षण केंद्र हे सारे एकाच गरजेचे वेगवेगळ्या काळातले पुरवठादार होत. त्यांतील फरक महत्त्वाचा आहे तो हमीची किंमत कोण मोजतो या मुद्द्यावर : मुकादमाच्या पद्धतीत ती उचलीत अडकलेल्या मजुराने मोजली, ज्ञातीच्या पद्धतीत दाराबाहेर राहिलेल्या स्थानिक तरुणाने मोजली, आणि परवाना, मंडळ व प्रशिक्षण यांत ती निदान काही प्रमाणात समाजाने वाटून घेतली. यवतमाळच्या जिनांचा इतिहास योग्य माणूस सापडण्याच्या युक्त्यांइतकाच, ती किंमत एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकत गेल्याचाही इतिहास आहे.