ऋतुहरीतकी: एका श्लोकाचे पदशः भाष्य

भावमिश्रांचा 'भावप्रकाश' सोळाव्या शतकातला. त्यातल्या हरीतकीच्या प्रकरणात दोन ओळींचा एक छोटा विधी आहे. वैद्यांच्या बोलण्यात तो 'ऋतुहरीतकी' म्हणून ओळखला जातो. त्याचा आशय मराठीत असा: रसायनाचे गुण ज्याला हवे आहेत त्याने वर्षा ऋतूपासून आरंभ करून सहा ऋतूंत क्रमाने सैंधव, साखर, सुंठ, पिंपळी, मध आणि गूळ यांच्यासह हिरडा खावा.

वचन पाठ करायला दोन मिनिटे पुरतात. पण तू नगर जिल्ह्यात राहून हे शिकतो आहेस, आणि इथे एक अडचण उभी राहते. हा हिरडा अकोले तालुक्याच्या डोंगरात पिकतो, आणि तिथल्या पावसाचे वेळापत्रक त्याच जिल्ह्यातल्या जामखेडला लागू पडत नाही. मग 'वर्षा' म्हणजे कोणाची वर्षा? हा प्रश्न मनात ठेव. आधी पदे सोडवू. अन्वयाच्या क्रमाने जाऊ: कोणी, काय, कसे, कशासह, केव्हा.

रसायनगुणैषिणा

ही तृतीया आहे, म्हणजे कर्ता. 'एषिन्' म्हणजे इच्छा धरणारा. 'रसायन' म्हणजे ज्या उपायाने शरीरातले रस, रक्त इत्यादी धातू उत्तम प्रतीचे मिळतात तो उपाय. याचा अर्थ, हे वचन रोग्याला उद्देशून नाही. ताप, मूळव्याध, कावीळ असे कोणतेही नाव इथे नाही. कर्ता निरोगी आहे आणि निरोगी राहू इच्छितो.

हे पद सोडून वाचले की अनर्थ होतो. ज्याला औषध हवे आहे त्याला नियम दिला जातो, आणि ज्याला नियम हवा आहे तो औषध शोधत बसतो.

'इच्छा' हा शब्दही हलका धरू नकोस. चरकांनी माणसाच्या तीन एषणा सांगितल्या: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. पहिली प्राणाची, कारण प्राण नसेल तर बाकी दोन निराधार. इथली इच्छा त्या पहिल्या जातीची आहे.

शंका: म्हातारपण आल्यावर हे सुरू करावे काय? समाधान: सुश्रुतांचा दंडक असा की रसायन तरुण वयात किंवा मध्यम वयात, शरीरशुद्धी करून घ्यावे. दृष्टान्त कापडाचा आहे: मळक्या कापडावर रंग चढत नाही. म्हणजे वार्धक्याची काळजी वार्धक्याच्या आधी घ्यायची. सत्तरीत हिरडा निषिद्ध ठरतो असे नव्हे, पण तेव्हा त्याच्याकडून चाळिशीतल्या फळाची अपेक्षा धरता येत नाही.

अभया

'अभया' म्हणजे जिच्यामुळे भय उरत नाही ती. पण इथे दोन अर्थ संभवतात. भावप्रकाशातच हरीतकीच्या सात जाती दिल्या आहेत: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती, चेतकी. त्यांत अभया म्हणजे पाच रेषांची जात, आणि तिचा उपयोग नेत्ररोगांत सांगितला आहे. मग या विधीत तीच एक जात घ्यायची का?

घेऊ नये. नेत्ररोगांचा इथे प्रसंगच नाही. शिवाय 'अभया' हे हरीतकीचे सामान्य नावही आहे. चरकांनी रसायनाच्या अध्यायातल्या पहिल्या पादाला 'अभयामलकीय' म्हटले, तिथे एका जातीचा विचार नाही. म्हणून इथे 'अभया' म्हणजे हिरडा, एवढेच.

आता खरा प्रश्न: कोणता हिरडा? अकोले तालुक्यातले महादेव कोळी आणि ठाकर जे मोठ्या प्रमाणात गोळा करतात तो बाळहिरडा. म्हणजे आठळी धरण्याआधी काढून वाळवलेले कोवळे फळ. झाडावर वाढू दिले की तेच फळ पुढे चांभारी हिरडा होते, आणि पूर्ण पोसले की सुरवारी. बाजारात तिन्ही 'हिरडाच'. ग्रंथाला कोणता हवा?

उत्तर ग्रंथाच्या परीक्षेतून मिळते. उत्तम हरीतकी नवी, स्निग्ध, घट्ट, गोल व जड असावी, पाण्यात टाकली की बुडावी, आणि एकेक फळ दोन कर्ष भरावे. बाळहिरडा सुकून लहान व काळा होतो. दोन कर्षांच्या जवळपासही तो जात नाही. याचा अर्थ, रसायनविधीतला हिरडा पूर्ण पोसलेला. बाळहिरड्याला कमी लेखण्याचे कारण नाही. घरोघरी तो तुपात किंवा एरंडेलात तळून सौम्य सारक म्हणून दिला जातो, आणि डोंगरातल्या कुटुंबाच्या हातात पावसाआधी पैसा येतो तो त्याच्यामुळे. पण ते काम वेगळे, हे काम वेगळे.

नगरच्या आयुर्वेद महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या गंगाधरशास्त्री गुणे यांनी 'आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र' मराठीत लिहिले. द्रव्याच्या नावापाशी न थांबता त्याच्या गुणाला प्रश्न विचारायचा, हा धडा तुला घरच्या मातीतच मिळाला आहे.

प्राश्या

'प्र' आणि 'अश्', म्हणजे खावी, सेवन करावी. प्रत्यय विध्यर्थी आहे: चालेल तर खा, असे नव्हे, खावीच. पण कशी खावी ते पद सांगत नाही. ते त्याच प्रकरणात अन्यत्र आहे: चावून खाल्ली तर अग्नी वाढवते, वाटून घेतली तर मळ काढते, वाफवली तर मळ बांधते, भाजली तर तिन्ही दोष शमवते. म्हणजे एकाच फळाची चार रूपे, आणि त्यांतली दोन परस्परविरुद्ध कामे करणारी.

आज सगळे चूर्णच घेतात, म्हणजे शोधनाचे रूप. ज्याचा कोठा मुळातच सैल आहे त्याने तेच चूर्ण रोज घेतले तर रसायन बाजूला राहून जुलाब सुरू होतील. 'प्राश्या' या पदातला मोकळेपणा हा निष्काळजीपणा नाही. कोठा पाहून रूप ठरव, असे त्यात गृहीत आहे. मात्राही वचनात नाही. तीही माणूस पाहून ठरवायची.

सिंधूत्थ

सिंधुदेशात उत्पन्न झालेले, म्हणजे सैंधव मीठ. हे वर्षा ऋतूसाठी.

शंका: त्याच ग्रंथात हरीतकी मिठासह कफ, साखरेसह पित्त आणि तुपासह वात जिंकते असे आहे. पावसाळ्यात वात प्रकुपित होतो. मग तूप सोडून मीठ का? समाधान: हिरड्यात पाच रस आहेत, खारट तेवढा नाही. पावसाळ्यात अग्नी मंद असतो आणि वाताला गोड, आंबट, खारट हे तीन रस शमवतात. सैंधव अग्नी चेतवते, वात उतरवते आणि फळात नसलेला सहावा रस भरून काढते. मंद अग्नीवर तूप टाकले तर ते पचायला दुसरे औषध लागेल. म्हणून इथे रोगातले अनुपान मागे राहते आणि ऋतूचा रस पुढे येतो.

शर्करा

शरद ऋतूसाठी. पावसात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने उसळते, आणि साखर थंड. इथे ऋतूचा नियम आणि अनुपानाचा नियम एकाच दिशेने जातात, म्हणून वाद नाही.

शब्दाचा मात्र आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून साखर म्हणजे या जिल्ह्याची ओळखच झाली, म्हणून तुला 'शर्करा' म्हटले की पोते दिसेल. ग्रंथातली शर्करा गिरणीतली नव्हे. तिच्या सर्वांत जवळची आजची वस्तू म्हणजे खडीसाखर.

शुंठी, कणा

शुंठी म्हणजे सुंठ, हेमंतासाठी. कणा म्हणजे पिंपळी, शिशिरासाठी. हेमंतात अग्नी बलवान असतो, मग सुंठ कशाला? अग्नीसाठी नव्हे, थंडीने वाढणाऱ्या वातासाठी. सुंठ उष्ण असूनही स्निग्ध आणि विपाकाने मधुर आहे, म्हणून ती कोरडेपणा आणत नाही. शिशिरात कफ साठू लागतो, तिथे तिखट पिंपळी.

इथे एक गोष्ट टिपून ठेव. चरकांनी पिंपळी, क्षार आणि मीठ या तिघांचा अति वापर करू नये असे बजावले आहे. या विधीतल्या सहांपैकी दोन द्रव्ये त्या यादीतली आहेत. मग ती इथे कशी आली? प्रत्येक द्रव्याला दोनच महिने दिले आहेत म्हणून. ऋतू बदलला की ते सुटते. याचा अर्थ, 'बदल' हे या विधीत सोयीसाठी नाही, संरक्षणासाठी आहे. सैंधव आवडले म्हणून वर्षभर सैंधवच धरणारा विधीच मोडतो.

मधु

वसंतासाठी. उन्हाने पातळ झालेला कफ मध खरवडून काढतो. मध तापवू नये आणि गरम पाण्यातही घेऊ नये, हे वचनात नसले तरी शास्त्रात सर्वत्र आहे.

गुड

ग्रीष्मासाठी गूळ. सहांत हे सर्वांत अवघड पद.

शंका: उन्हाळ्यात थंड हवे. साखर थंड, गूळ तसा नाही. मग साखर ग्रीष्माला आणि गूळ शरदाला, असे उलट का नाही? समाधान: ग्रीष्मात बाहेर ऊन असले तरी शरीरात साठतो तो वात. बळ वर्षातले सर्वांत कमी, शरीर कोरडे. गूळ स्निग्ध, जड आणि वात शमवणारा. पित्ताचा कोप शरदातला, म्हणून साखर तिथे राखून ठेवली. म्हणजे ग्रंथ हवेतली उष्णता मोजत नाही, शरीरातला दोष मोजतो.

आणखी एक. शास्त्रात प्रशंसा जुन्या गुळाची आहे. नवा गूळ कफ वाढवतो आणि अग्नी मंद करतो. गुऱ्हाळे थंडीत चालतात, म्हणून वैशाखात बाजारात मिळणारा 'यंदाचा' गूळ चार-पाच महिन्यांचाच असतो. जुना म्हणजे गेल्या साली भरलेला.

वर्षादि, क्रमात्

आता राखून ठेवलेला प्रश्न. 'वर्षादि' म्हणजे वर्षा जिच्या आरंभी आहे ती ऋतुमाला. 'क्रमात्' म्हणजे पहिल्याला पहिले, दुसऱ्याला दुसरे. इथवर सोपे. वर्षा मात्र केव्हा?

मासगणनेने वाग्भटांच्या परंपरेत ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद ही वर्षा. हे तसेच धरले तर काय होते पाहा. जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते घाटघर आषाढात चिंब असते. तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या माणसाने अंगावर घोंगडे घेऊन ग्रीष्मातला गूळ खायचा? उलट नगर शहराकडे साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. कर्जत-जामखेडकडे आषाढ पुष्कळदा कोरडा जातो आणि भरवसा असतो तो भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या पावसावर. आश्विनात तिथे मासगणनेने शरद लागलेला असतो आणि आभाळ फुटलेले असते.

म्हणून दोन पक्ष. पहिला पक्ष: महिने प्रमाण. दुसरा: लक्षणे प्रमाण. पहिल्याचा गुण असा की घोळ नाही. दोष असा की तो शरीराशी बोलत नाही. आणि जुन्या आचार्यांनीही महिन्यांची एकच वाटणी मानली नव्हती. एका वाटणीत शिशिर आहे, दुसरीत शिशिर गाळून 'प्रावृट्', म्हणजे पावसाचा पहिला काळ, वेगळा ऋतू केला आहे. टीकापरंपरेत त्याचा खुलासाही येतो: गंगेच्या दक्षिणेला पाऊस अधिक, म्हणून तिथे प्रावृट् आणि वर्षा असे दोन, उत्तरेला थंडी अधिक, म्हणून तिथे हेमंत आणि शिशिर असे दोन. (इथली गंगा म्हणजे भागीरथी. कोपरगाव-नेवाशाकडे गोदावरीला गंगा आणि तिच्या काठाला गंगथडी म्हणतात, ती नव्हे.) म्हणजे देश बदलला की ऋतूंची वाटणी बदलते, हे शास्त्रानेच कबूल केले आहे.

म्हणून दुसरा पक्ष ग्राह्य. वर्षा म्हणजे तुझ्या गावावर पाऊस बसतो, पाणी गढूळ होते, भूक मंदावते आणि सांधे बोलू लागतात तो काळ. सैंधव त्या दिवसांत. घाटघरला ते आषाढातच सुरू होईल, जामखेडला कदाचित भाद्रपदात. 'क्रमात्' मात्र दोन्हीकडे अबाधित: घाटघरचा माणूसही सैंधवावरून थेट सुंठीवर उडी मारणार नाही, मधला शरद कितीही आखूड असो.

ऋतुसंधीचा नियमही इथे जोडून घे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. या पंधरवड्यात जुने हळूहळू सोडायचे, नवे हळूहळू धरायचे.

अनुक्त

न सांगितलेले, पण मानलेले. वाटचालीने थकलेला, कृश, कोरडा, उपाशी, फार पित्त असलेला आणि गर्भिणी यांना हरीतकी वर्ज्य सांगितली आहे. आजच्या वैद्याने यात आणखी भर घालायची: ज्याला मधुमेह आहे त्याच्या बाबतीत साखर, मध, गूळ ही तिन्ही पदे अडतात, ज्याचा रक्तदाब चढलेला आहे त्याच्या बाबतीत सैंधव अडते, जो रोजच्या गोळ्या घेतो त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. हा वचनाचा अव्हेर नाही. पहिल्याच पदाने कर्ता निरोगी ठरवला होता, त्याचाच हा विस्तार.

पुढच्या पाठाला येताना दोन गोष्टी आण. एक, बाजारातून आणलेले तीन हिरडे, पाण्यात टाकून पाहिलेले. कोणता बुडाला ते सांग. दुसरी, ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत तुझ्या गावात पाऊस कोणत्या दिवशी आला, आणि त्या दिवसांत घरातल्या थोरल्या माणसांनी भाकरी किती खाल्ली, याची वही. श्लोक तुला पाठ आहेच. 'वर्षा' या पदाचा अर्थ त्या वहीत सापडेल.