पटावर नाव होतं

काल ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन झाला. दिवसभर मोबाईलवर ‘समावेशक शिक्षणा’चे मेसेज आले. म्हणून थोडा इतिहास लिहितोय. त्यातला काही माझ्या डाव्या पायात आहे.

मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातला, जन्म १९७१. लहानपणीच पोलिओ झाला. जवळच कुलाब्यात मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम सुरू केलं होतं; त्यांची संस्था १९७२ची. १९७४ला केंद्र सरकारने अपंग मुलांना साध्या शाळांत शिकवायची योजना आणली. आमच्या आयला यातलं काही ठाऊक नव्हतं. मासळीची पाटी बाजूला ठेवून, मला कडेवर घेऊन तिनं शाळेत नाव घातलं. झालं एकात्म शिक्षण!

शाळेनं घेतलं हे खरं. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर, मुतारी खाली. जिना उतरायला नको म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. पी.टी.ला सगळी पोरं मैदानात, मी दप्तरं राखायला. चार वर्षं राखली. बाई प्रेमळ होत्या, ‘तू बस हं बाळा’ म्हणायच्या. त्याचाच जास्त राग यायचा. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला अंपायर करा.

पुढे एका शिबिरात विशेष शाळेतली मुलं भेटली. एकमेकांना खुशाल ‘लंगड्या’ म्हणत हसत होती. मला त्यांचा हेवा वाटला, त्यांना माझा. ‘तुझ्या वर्गात तुझ्या वस्तीतली पोरं असतात ना?’ एकानं विचारलं. असायची. दप्तरं ठेवून खाली जायची.

१९९५च्या कायद्यानं आम्हाला साध्या शाळांत सामावण्याचा ‘प्रयत्न’ करायला सांगितलं. २०१६च्या कायद्यात व्याख्याच बदलली: सगळी मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलेल. म्हणजे आधी मुलानं जुळवून घ्यायचं होतं, आता शाळेनं. हा फरक मी कमी लेखत नाही. पण या सगळ्यात मुलांना काय वाटतं ते कुठे सापडतं? मिठूताईंच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटानं टाइप करून ‘वन लिटिल फिंगर’ लिहिलं, तसं आतून लिहिलेलं थोडंच.

आमच्या गल्लीतली एक मुलगी कानाला मशीन लावून शाळेत जाते. परवा तिला विचारलं, वर्गात कसं वाटतं? म्हणाली, ‘बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, काका. मग मी नुसती मान हलवते.’ शाळेला नवा रॅम्प झालाय. तिला तो लागत नाही. शनिवारी तिच्या आईबरोबर बाईंना भेटायला जातोय.