पन्नास मिनिटांचं अंतर

तर झालं असं, २००७ च्या जूनमध्ये आम्ही सगळे श्रीनगरच्या विमानतळावर ताटकळत बसलो होतो. लेहकडे ढग, विमान दोन तास उशिरा. माझी चिडचिड चालूच. "पन्नास मिनिटांच्या प्रवासाला दोन तास बसायचं म्हणजे काय!" आप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एकवीस दिवस लागले होते रे लोकांना." आणि पुन्हा शब्दकोड्यात घुसले.

कसले एकवीस दिवस, हे मी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं तेव्हा उलगडा झाला.

श्रीनगर-लेह हवाई अंतर जेमतेम २५५ कि.मी. म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला उडत जावं त्याहूनही थोडं कमी. रस्त्याने मात्र सव्वाचारशे, आणि वाटेत साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड. १६ फेब्रुवारी १९४८ ला मेजर पृथीचंद चाळीसेक जवान घेऊन श्रीनगरहून निघाले. ऐन हिवाळ्यात, बर्फातून झोजिला ओलांडून, ८ मार्चला ते लेहला पोचले. मोजून पाहिलं, बरोबर एकवीस दिवस!

त्यांच्यासोबत सोनम नोर्बू नावाचे लडाखचेच अभियंते होते. त्यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूच्या काठी धावपट्टी तयार केली. यंत्रं कुठून असणार? कुदळ, फावडी आणि माणसं.

मे महिन्यात कारगिल पडलं आणि श्रीनगरची वाट तुटली. मूठभर जवानांच्या भरवशावर लेह एकटं उरलं. पायी कुमक वेळेत येणं अवघड होतं. मग २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी स्वतः डाकोटा उडवला, शेजारी जनरल थिमय्या. त्या विमानात ना केबिनचा हवेचा दाब राखायची सोय, ना पंखांवरचा बर्फ काढायची. आखलेला हवाई मार्ग तर नव्हताच. तरी अकरा हजार फुटांच्या आसपासच्या त्या कच्च्या पट्टीवर विमान उतरलं. पाठोपाठ गुरखा जवान विमानाने आले आणि लेह वाचलं. झोजिला परत मिळाली ती थेट नोव्हेंबरात, रणगाडे वर चढवून. तोवर लेहचा मोठा भार त्या पट्टीवर होता.

धावपट्टीसाठी राबलेल्यांपैकी नोर्बूंचं नाव राहिलं. बाकीच्यांची नावं माझ्या वाचनात कुठेच आली नाहीत.

असो. त्या दिवशी लेहला उतरल्यावर आप्पा शिडीपाशीच थांबले, धावपट्टीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. सुखरूप पोचलो म्हणून असेल, असं समजून मी त्यांची थट्टासुद्धा केली. ते नुसते हसले.

आप्पा आता नाहीत. ती थट्टा मात्र अजून बोचते.